बर्फाची मुलगी आणि हलव्याचे दागिने

हे मी हौसेनं लिहीत नाही. नलिनी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिला वेड लागलंय असं ठरवून तिचे दीर तिला वृद्धाश्रमात धाडायला निघालेत. "तुम्ही पाहिलंत तेवढं लिहा," असा तिच्या यजमानांचा, श्रीधररावांचा, फोन आला. म्हणून.

जानेवारीत श्रीधरराव भावाकडे अ‍ॅशबर्नला गेले, तेव्हा नलूच्या सोबतीला मी नेपरव्हिलला त्यांच्या घरी गेले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आम्ही शिकागोत एक रशियन ऑपेरा पाहिला. जाणार असाल तर गाडी नेऊ नका, पार्किंग महाग पडतं. ट्रेन तासाभरात पोचवते. दुपारचा खेळ घ्या. बाल्कनी पुरते, गाण्यांचं इंग्रजी भाषांतर वर पट्टीवर दिसतं. गूळपोळी पर्समध्ये असू द्या.

गोष्ट लोककथेतली. हिमाची मुलगी एका निपुत्रिक म्हाताऱ्या जोडप्याकडे राहते. प्रेमात पडते आणि उन्हात वितळते. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. नलू म्हणाली, "यांनी तिला उन्हात जाऊच कसं दिलं?"

नलूची एकुलती मुलगी पहिल्या संक्रांतीआधीच गेली. तिच्यासाठी पुण्याहून आलेले हलव्याचे दागिने डब्यातच राहिले.

परतताना ट्रेनमध्ये ती म्हणाली, "थंडीत येते गं ती. दार ढकलायचा जोर नाही तिच्यात. उघडं ठेवावं लागतं."

"आणि हीटिंगचं बिल?"

"खडूस ती खडूसच राहिलीस."

घरी येताच तिनं मागच्या अंगणात तान्ह्या मुलीएवढी बर्फाची बाहुली केली. तिला काळं झबलं चढवलं, दागिने घातले. मी मागच्या दाराला बोल्ट लावला आणि नलूच्या खोलीच्या उंबऱ्यातच गादी घातली. मला ओलांडल्याशिवाय ती बाहेर जाऊ शकत नव्हती.

सकाळी मागचं दार उघडं होतं. नलू अजून झोपलेली. अंगणात रात्री पडलेला ताजा बर्फ, त्यावर एकही पाऊल नाही. बाहुली उघडी. दारापासून देवघरापर्यंत फरशीवर मात्र बोटभर लांबीच्या पावलांचे ओले ठसे. देवापुढच्या पाटावर झबलं, चिंब भिजलेलं. त्यावर दागिने, कोरडे. साखरेचा एकही दाणा विरघळला नव्हता.

नलू उठून आली. "आली होती," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवला. मी फरशी पुसली. मला भुताखेतांचं वेड नाही. पिस्कॅटवेला माझ्या घरी परतल्यावरही मी दुसरं कारण शोधलं. सापडलं नाही.

मी निघताना नलूनं डबा माझ्या हाती दिला. दिरांचा बेत तिच्या कानावर आला होता. "आश्रमातले लोक फेकून देतील. तुझ्याकडे असू दे."

मिळालेल्या वस्तू: हलव्याचा हार, बिंदी, बांगड्या, कंबरपट्टा. सगळं पिवळसर, अखंड. काळं झबलं एक. आल्या दिवसापासून हीटरजवळ वाळत घातलंय. अजून ओलं आहे.