गॅसवाल्या गयाबाई

"मॅडम, मशीन तपासा. मशीन बरोबर असेल तर तुमचा हात तपासा," सर औरंगाबादहून फोनवर म्हणाले. ते आमच्या अभ्यासाचे प्रमुख. मी हिंगोलीतली सोनोग्राफीची डॉक्टर. हिंगोली जिल्हा नुकताच झाला होता, तेव्हाची ही गोष्ट.

अभ्यास तसा साधा होता. चुलीच्या धुराने बायकांच्या रक्तवाहिन्यांचं काय होतं ते पाहायचं. प्रत्येकीचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि मग मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीची. ही वाहिनी कातडीच्या अगदी जवळ असते. तिची भिंत जाड दिसली, तर हृदयाच्या वाहिन्यांतही तसंच काही चाललं असेल असा अंदाज बांधता येतो. चूलवाल्या एका गटात, गॅसवाल्या दुसऱ्या. पण दोन्हीकडे जाडी सारखीच येत होती.

"फरकच नसेल तर पुढच्या महिन्यात थांबवू," सर म्हणाले. "आणि त्या गयाबाईला वगळा. गॅसवाली असून सगळ्यांत जाड. सगळे आकडे बिघडवतेय."

गयाबाई पुसेगावच्या, पन्नाशीच्या. मशीन जड, खोलीबाहेर नेणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही बायकांना जीपने आणायचो. सोनोग्राफी म्हटल्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "काहून थट्टा करून राहिल्या, माय? माहं का वय हाय आता?" मी जेल मानेला लावलं तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. वाहिनीच्या भिंतीवर मात्र चरबीचा थर बसलेला स्क्रीनवर स्पष्ट दिसत होता. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखू नाही, मिश्री नाही. अशा बाईला नुसतं यादीतून खोडायचं? कारणच कळलं नाही तर गोळ्या देऊन तिला परत कशाच्या तोंडी पाठवायचं?

रिपोर्ट द्यायच्या निमित्ताने मीच पुसेगाव गाठलं.

गयाबाईंनी सतरंजी अंथरली. शेगडीवरचा विणलेला रुमाल हलक्या हाताने काढला, घडी केली आणि चहा ठेवला. शेगडी नव्यासारखी चकचकीत. छताचे पत्रे मात्र काळेकुट्ट.

"मावशी, भाकरी कशावर करता?"

"भाकरी व्हय? चुलीवर. गॅसवर का कोणी भाकरी करतंय?"

"आणि वरण, भाजी?"

"तेबी चुलीवरच. गॅस पाव्हण्यासाठी. तुमच्यासारकं कोणी आलं की च्या."

"मग फॉर्म भरताना गॅस काहून सांगितला?"

"तुमीच इचारलं, घरात गॅस हाय का. हाय की! लेकानं आणला."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला की मला स्वतःचीच लाज वाटली. तो प्रश्न मीच लिहिला होता. माझी आईसुद्धा असाच गॅस झाकून ठेवायची, आणि फॉर्म लिहिताना मला तेवढंही आठवलं नव्हतं.

मी त्यांना समजावलं. धूर नुसता डोळ्यांत जात नाही, रक्तवाहिन्यांचंही नुकसान करतो. "पाव्हण्याला गॅस आन् तुमाला धूर? असं काहून, मावशी?"

त्यांनी चहा कपात ओतला. मग म्हणाल्या, "सवय, माय. आपलं सोताचं कोण बघतंय?"

मी त्यांचा हात धरला. "मी बघून राहिले ना."

परतल्यावर यादीतल्या प्रत्येकीला आम्ही पुन्हा विचारलं. प्रश्न एकच : काल भाकरी कशावर केली? गॅसवाल्यांतल्या बऱ्याच जणी चूलवाल्या निघाल्या. गट नव्याने पाडले आणि फरक दिसू लागला. मी सरांना फोन केला.

"आधीचा प्रश्न कोणी लिहिला होता?"

"मीच, सर."

"गयाबाईंना परत घ्या. काम चालू ठेवू."

वर्षाने गयाबाई पुन्हा तपासणीला आल्या. भाकरीचं विचारलं. "गॅसवर. पयल्या दिशी करपली. आता फुगतेत." मानेतली भिंत होती तेवढीच होती. कमी झाली नव्हती, वाढलीही नव्हती. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवून ते दाखवलं.

हाताखाली आलेल्या नव्या डॉक्टरांना मी आता एकच सांगते. कोणाच्या घरी माहिती घ्यायला गेलात तर चहा पिऊन उठू नका. भाकरीपर्यंत थांबा.