डेपोकाका आणि माझा हॉर्न

प्रार्थना करायला मला फार आवडायचं. चारजण ऐकत असतील तर अधिकच. दर गुरुवारी पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत घरगुती प्रार्थनासभा भरायची. मी डोळे मिटून एकदा सुटलो की आतला चहा दोनदा उकळून निघायचा. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. चर्चच्या मंडळीचा 'वडील', म्हणजे कारभार बघणारा पंच, म्हणून माझं नाव पुढे येणार अशी कुणकुण होती, त्यामुळे त्या गुरुवारी मी जरा जास्तच रंगात होतो. त्या भरात म्हणून गेलो, "हे प्रभू, आमच्या सुमनताईंच्या यजमानांची दारू सोडव, त्यांची गेलेली नोकरी परत दे!" सुमनताई समोरच बसल्या होत्या. हे त्यांनी फक्त माझ्या बायकोला सांगितलं होतं, तेही शपथ घालून.

हिने मला चिमटा काढला. मला वाटलं, हिला पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला. म्हणून मी आवाज आणखी चढवला, "आणि सभा चुकवणाऱ्या आमच्या डेपोकाकांनाही विश्वासात वाढव!" आमेन म्हणून डोळे उघडले, तर सुमनताईंची जागा रिकामी होती.

डेपोकाका म्हणजे एसटी डेपोतले निवृत्त मेकॅनिक. नखांतलं ग्रीस काही निवृत्त झालं नव्हतं. रविवारी उपासना सुरू झाली की ते हळूच बाहेर जाऊन सगळ्यांच्या चपला ओळीने लावायचे, तोंडं रस्त्याकडे करून. "निघताना कोणी अडखळायला नको," एवढंच स्पष्टीकरण. गुरुवारी मात्र कधी फिरकत नसत. फार आग्रह केला तर त्यांची प्रार्थना ठरलेली, "प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे. आम्हाला सांभाळ. आमेन." खाली बसून मोकळे! माणूस भला, पण आध्यात्मिक वाढ खुंटलेली, असं माझं स्पष्ट मत होतं, आणि ते मी पाळकसाहेबांनाही कळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका दारात उभे.

"चल."

"कुठे?"

"सुमनकडे."

तलावाच्या कडेने जाताना मी मनात माफीचं भाषण जुळवत होतो. ते म्हणाले, "हॉर्न झकास आहे रे तुझा. ब्रेक कधी तपासलास?"

"काका, माझा हेतू शुद्ध होता."

"गाडी ठोकलेल्या प्रत्येक ड्रायव्हरचा असतो."

सुमनताईंनी दार उघडलं, पण 'या' म्हणाल्या नाहीत. मी सुरुवात केली, "ताई, काय झालं की…"

"देवाला माहीत नव्हतं म्हणून सांगितलंत, की सभेतल्या बायकांना?"

भाषण तिथेच विरलं. कसंबसं "माफ करा" म्हणालो. तेवढ्यात त्यांचे यजमान पायात चपला सरकवत बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता काकांना म्हणाले, "आज उशीर केलात. निघू या?"

मग उलगडलं. पाय गुत्त्याकडे वळायची त्यांची जी वेळ, नेमक्या त्या वेळेला काका त्यांना तलावाभोवती फिरवत. वर्षभर, रोज. गुरुवारीसुद्धा. आणि कोणापाशी अवाक्षर नाही.

'वडील' होण्यातून मी माघार घेतली. पाळकसाहेब जरा आग्रह करतील अशी आशा होती. ते "बरं" म्हणाले. सुमनताई रविवारी येत, पण आमच्या घराची पायरी चढल्या नाहीत. हिने मला कोणाच्याही घरचं काही सांगणं बंद केलं. शिवाय मी प्रार्थनेला उभा राहिलो की ही डोळे उघडे ठेवून, दोन बोटं माझ्या दंडाशी तयार ठेवून उभी. अशी चार-पाच वर्षं गेली.

मग डेपोकाका गेले. घरून शवपेटी उचलायची वेळ झाली. पाळकसाहेब परस्पर कबरस्तानात येणार होते. निघण्याआधी प्रार्थना कोणी करायची? सगळे एकमेकांकडे बघू लागले. सुमनताईंचे यजमान पेटीच्या उशाशी उभे होते, दाढी केलेले, शुद्धीत. सुमनताई माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुम्ही करा." मग जरा थांबून, "थोडक्यात."

मोठमोठे शब्द घशाशी दाटले होते. मी ते गिळले. "प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे. आम्हाला सांभाळ. आमेन."

बाहेर दाराशी चपलांचा ढीग पडला होता. माझ्या दोन चपला सापडायला बराच वेळ लागला.

घरी येताना तलावापाशी आल्यावर बायको म्हणाली, "आज मी डोळे मिटले होते."