आईच्या कपाटाला ऊन

सिंगापूरला कसं काय करमतं, असं पुण्याहून कुणी विचारलं की मी आधी तोटे सांगते. फायद्यांपासून सुरुवात केली की लोकांना वाटतं, ही मिरवतेय. तर तोटे. इथे पापड मऊ पडतो. तळून पानात वाढेपर्यंत तो कडक असतो, पण वरणभाताचे दोन घास होईतो त्याची घडी घालता येते. मीठ डब्यात दगड होऊन बसतं. चामड्याची चप्पल काही दिवस वापरली नाही की तिला पांढरट लव फुटते. नवऱ्याचा लग्नातला कोट एकदा कुणाच्या तरी रिसेप्शनला काढला, तर दोन्ही खांद्यांवर बुरशीची नक्षी. तो म्हणाला, "राहू दे, जरीकाम आहे म्हणून सांगू." आणि तसाच गेला. कुणी विचारलंही नाही, त्यांच्याही कोटांवर तेच असणार.

आता फायदे. दिवे जात नाहीत. नळाचं पाणी सरळ प्यायचं. कुंडीत काय खोचलंय ते विसरलं तरी चालतं, ते आपलं आपण वाढतं. आम्ही वुडलँड्सला राहतो. आमच्या बिल्डिंगपासून एमआरटी, म्हणजे इथल्या मेट्रोच्या स्टेशनपर्यंत वर छप्पर आहे आणि तिकडे तांजोंग पगारला उतरलं की ऑफिसपर्यंत पुन्हा छप्पर. ढग फुटला तरी माणूस कोरडा पोचतो. त्यामुळे इतक्या वर्षांत पावसामुळे सुट्टी म्हणून एकदाही मिळाली नाही. हे मी तोट्यात धरते.

ओलीशी माझं कायमचं भांडण आहे. प्रत्येक कपाटात मी ओल शोषणारे प्लॅस्टिकचे डबे ठेवते. ते भरले की पाणी मोरीत ओतायचं आणि नवे ठेवायचे. पाऊस बाहेर पडतो आणि पाणी मी कपाटातून काढते. मोरी म्हटलं की मुलगी म्हणते, "ममा, इट्स कॉल्ड टॉयलेट ला." आठ वर्षांची आहे, वाक्याच्या शेवटी इथल्यासारखा 'ला' लावते. मराठी सगळं कळतं, बोलायचं तेवढं जिवावर येतं.

या घरात बाबा जूनमध्ये राहायला आले. आई जानेवारीत गेली होती. एप्रिलमध्ये बाबा तिकडे पुण्यात न्हाणीघरात घसरून पडले, मनगट मोडलं, आणि मला ते प्लास्टर घालून आठवडा उलटल्यावर कळलं, तेही मावशीकडून. विचारलं तर म्हणे, "तू काय तिकडून येऊन हात धरणार होतीस?" मी एकुलती एक. तेव्हाच ठरवलं, आता यांना एकटं ठेवायचं नाही. त्यांना इथे राहायचा लांब मुदतीचा पास मिळण्यासारखा होता, खोली होती, नवऱ्याची काही हरकत नव्हती. अडचण एकच, बाबा. ते व्हिजिट पासवर आले होते आणि परत जायचं पक्कं धरून आले होते.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. म्हणजे जन्मभर पावसाची वाट बघण्याचा पगार घेतला. इथे आल्यावर पहिले काही दिवस ते खिडकीत उभे राहून पाऊस बघत. सकाळी लखलखीत ऊन, दुपारी आभाळ काळंठिक्कर, तासभर असा कोसळायचा की समोरची बिल्डिंग दिसायची नाही, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा ऊन.

"याला काही शिस्त नाही," बाबा म्हणाले. "पावसाळा संपतो कधी इथे?"

"संपत नाही, बाबा."

"मग लोक कामं कधी करतात?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे घराला रंग, गच्चीची डागडुजी, लांबचा प्रवास, सगळं पावसानंतर. माणसाला श्वास घ्यायला चार महिने मिळतात. इथे कुठलंच काम पुढे ढकलायला निमित्त मिळत नाही. बाबांना ते फार खटकलं.

मी उघड आग्रह केला नाही. बाबांना आग्रह केला की ते हटकून उलटं करतात. मी नुसती सोय दाखवत गेले. खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, सकाळी चहा मिळतो, त्यात कंडेन्स्ड मिल्क असतं, ते कमी घाला म्हणून सांगायला नातीनं शिकवलं. लायब्ररीचा रस्ता दाखवला. डॉक्टर कुठे बसतो ते दाखवलं. बाबा छत्री घेऊन निघाले की नात म्हणायची, "आजोबा, नो नीड अम्ब्रेला ला, गॉट शेल्टर." तरी ते घ्यायचेच. हातात छत्री नसेल तर बाहेर पडल्यासारखं वाटत नाही म्हणायचे.

रमले होते. निदान मला तसं वाटत होतं. ऑगस्टमध्ये एकदा जेवताना मी विषय काढला.

"बाबा, तो पासचा अर्ज करून ठेवू का? नुसता करून ठेवायचा."

"नको. दसऱ्याच्या आत जायला हवं मला."

"दसऱ्याच्या आत? काय आहे तिकडे?"

त्यांनी ताटातला भात गोळा केला, पुन्हा पसरला. "तुझ्या आईचं कपाट आहे. तसंच बंद आहे ते."

एवढंच बोलले, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मला वाटलं तरी तसं.

दसरा झाला की आई कपाटाला ऊन दाखवायची. तिच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातल्या सगळ्या साड्या गच्चीवर जायच्या. खाली जुन्या चादरी अंथरायच्या, वर साड्या उलट्या पसरायच्या, घड्या मोडून नव्या घालायच्या. जरीच्या साड्या सावलीत. मग कपाट आतून पुसून, वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवून सगळं परत. दोन दिवस हा कार्यक्रम चाले आणि बाबांना कावळ्यांवर लक्ष ठेवायला बसवलेलं असे. ते टोपी घालून पेपर वाचत बसायचे. कावळे येऊन जायचे, यांना पत्ता नसायचा. आई जिन्यातूनच ओरडायची, "बसवलंय कशाला तुम्हाला तिथे?"

तर मी मनाशी जुळवलं ते असं. आईनंतर कपाट उघडलेलं नाही. सगळा पावसाळा ते बंद. बाबांना काळजी लागलीय की साड्या खराब होतील, म्हणून उन्हाच्या दिवसांत जायची घाई. हे काम दुसऱ्या कुणी केलं तर जायचं कारणच उरत नाही. माझी अक्कल धावून धावून इथवर धावली. आणि खरं सांगायचं तर मलाही ते कपाट स्वस्थ बसू देईना. या बेटावर इतकी वर्षं राहिलेल्या बाईला बंद कपाट म्हटलं की बुरशीच दिसते. आईची जांभळी पैठणी आणि तिच्यावर नवऱ्याच्या कोटासारखी नक्षी, असं काहीबाही मनात यायला लागलं.

मी मावशीला फोन केला. मावशी आईची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते, घराची किल्ली तिच्याकडेच असते. तिला काम सांगायचा अवकाश, की ते झालंच म्हणून समजा.

"अगं, मी तेच म्हणत होते," मावशी म्हणाली. "भावजींना विचारलं होतं मी निघताना, तर म्हणाले, राहू दे, मी आल्यावर बघतो. पुरुषांना काय कळतंय त्यातलं."

"तू त्यांना सांगू नकोस. मी सांगेन."

गणपती गेल्यावर पुण्यात चांगली उघडीप पडली. मावशीनं कामाच्या बाईला हाताशी घेतलं आणि दोन दिवसांत सगळं उरकलं. फोटो पाठवले. आमची गच्ची, चादरी, आणि त्यांवर आईच्या साड्या ओळीनं. मी ऑफिसात बसून ते फोटो बघितले. रडू आलं आणि बरंही वाटलं. एकही साडी खराब झाली नव्हती.

रविवारी आम्ही ईस्ट कोस्टला गेलो. नवरा आणि मुलगी सायकली घेऊन समुद्राच्या कडेनं निघून गेले. बाबा आणि मी हॉकर सेंटरमध्ये उसाचा रस घेऊन बसलो. समोर जहाजं उभी होती. बाबांना ती आवडायची, कारण ती कुठे जात नाहीत. मी फोन त्यांच्यासमोर धरला.

"बाबा, तुमची काळजी मिटवलीय. बघा."

त्यांनी चष्मा लावला. पहिला फोटो बघितला, दुसरा बघितला. मग पहिल्यावर परत गेले.

"कुणी उघडलं?"

"मावशीनं. मीच सांगितलं तिला. आता तुम्हाला घाईनं जायला नको."

"सगळ्या काढल्या?"

"सगळ्या. दोन दिवस ऊन दाखवलं. कपाटसुद्धा आतून पुसून घेतलं, कापूर ठेवलाय."

"पुसलं," बाबा म्हणाले.

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मला वाटलं आईची आठवण आली. शेजारच्या टेबलावरचं एक कुटुंब उठून गेलं, टेबल पुसणाऱ्या आजीबाई आल्या, पुसून गेल्या. मग बाबा समुद्राकडे बघत बोलायला लागले, हिशेब सांगावा तसे, सरळ आवाजात.

"त्यात तिचा वास होता गं. मी रोज सकाळी दार थोडंसं उघडायचो. फार वेळ नाही, उडून जाईल म्हणून लगेच लावायचो. इकडे येताना वाटलं, बरंच झालं, तेवढे महिने बंद राहील, तेवढा टिकेल. दसऱ्याला तुझी मावशी ऊन दाखवायला येणार हे मला माहीत होतं. तिच्या आधी मला पोचायचं होतं, नको म्हणून सांगायला."

पुण्याचं ते स्वच्छ, कोरडं ऊन. ज्याच्यासाठी मी इथे जन्मभर झुरतेय, तेच मी आईवर सोडलं होतं. आणि वर कापूर.

"बाबा, तुम्ही सांगायचं नाही का मला?"

"काय सांगू? म्हातारा माणूस बायकोच्या साड्यांचा वास घेतो, असं सांगू?"

मी रडायला लागले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, मोडलेल्या मनगटाचा. "तुझी काय चूक त्यात. तिनंच मला फाडून खाल्लं असतं, भर पावसाळ्यात कपाट बंद ठेवलं म्हणून. चांगलंच केलं मावशीनं." ते मनापासून म्हणत होते, आणि त्यानं मला जास्तच रडू आलं.

पाऊस आला. लोक ताटं उचलून आतल्या टेबलांकडे सरकले. आम्हीही सरकलो. बाबांनी रसाचे ग्लास आणले, बर्फ वितळून त्यांत पाणीच जास्त झालं होतं. ते दोन घोट प्यायले.

"त्या पासचं म्हणत होतीस तू. कागद काय काय लागतात?"

मी सांगितलं. पासपोर्ट, जन्माचा दाखला माझा, असं काहीतरी.

"कर मग अर्ज," ते म्हणाले. "आता तिकडे काय, नुसतं घर आहे."

तेवढ्यात नवरा आणि मुलगी भिजून चिंब परत आले. मुलीनं माझा चेहरा बघितला, मग आजोबांचा. विमानाची तिकिटं असा काहीतरी विषय चालला असावा असं तिला वाटलं.

"आजोबा, यू गोइंग बॅक?"

"नाही," बाबा म्हणाले. "राहतोय मी."

ती टाळ्या पिटत बापाला सांगायला पळाली. गेले चार महिने मी याच एका वाक्यासाठी जीव टाकत होते, आणि आता ते ऐकून मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.