आमच्या खास प्रतिनिधीकडून

नागपूरच्या एका मोठ्या दैनिकाचा खास प्रतिनिधी त्या काळी आमच्या मुलखात हिंडत असे. हा गृहस्थ मी कधी पाहिला नाही. मंगरूळपीरच्या उरुसातली कुस्त्यांची दंगल असो की पोहरादेवीच्या यात्रेतली, तो तिथं हजर असायचा. मी बसायचो त्याच जागी बसायचा, मला दिसायचं तेच त्याला दिसायचं, आणि ते तो माझ्याच शब्दांत लिहायचा. इतकं एकमत माझं लग्नाच्या बायकोशीसुद्धा कधी झालं नाही.

मी वावरातली कामं सांभाळून कुस्त्यांच्या बातम्या लिहायचो. मराठी सातवी झालेली, अक्षर बरं आणि कुस्तीचं वेड, एवढंच भांडवल. अकोल्याच्या एका लहान साप्ताहिकाला बातमी टपालानं धाडायची. त्याचे संपादक भले होते. देण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, पण मजकुराखाली माझं पूर्ण नाव गावासकट न चुकता छापायचे. माझं, मग माझ्या बापाचं, मग आडनाव. अंक निघाला की रिवाजाप्रमाणे एक प्रत नागपूरच्या त्या दैनिकाला भेट म्हणून जायची. दैनिकाच्या कचेरीत एक कात्री होती. तीच तो खास प्रतिनिधी.

आता खरी गंमत पुढं आहे. दैनिक आमच्या शाळेचे मास्तर वाशीमजवळच्या मालेगावहून मोटारीनं मागवायचे आणि संध्याकाळी चावडीवर मोठ्यानं वाचायचे. साप्ताहिक मात्र टपालातून यायचं, आणि टपालवाला आमच्या गावी बाजाराच्या दिवशीच उगवायचा. म्हणजे माझी बातमी गाव आधी नागपूरच्या नावानं ऐकायचं आणि मग दोन-चार दिवसांनी माझ्या नावानं बघायचं. दोन्हींत काना-मात्रेचा फरक नाही. चोर कोण, हे ठरवायला गावाला पंचायत बोलवावी लागली नाही. बरं, चोर असून खाली नाव घालतो, बापाचंही घालतो, म्हणजे निर्लज्जपणाचीही हद्द झाली.

पोहरादेवीच्या गर्दीत माझी डावी चप्पल हरवली, ते मी बातमीत लिहिलं होतं. नागपूरच्या खास प्रतिनिधीचीही डावीच हरवली. मला वाटलं, आता तरी सुटका होईल, कारण मी एका पायात चप्पल घालून घरी आलो हे बापानं डोळ्यांनी पाहिलं होतं. मी चावडीवरून येताना त्याला ते सांगितलं.

"चप्पल कोनाचीबी हरवते," बाप म्हणाला. "नाव कोनाचं हाय त्या पेपरात?"

"नाव कोनाचंच नाही. खास प्रतिनिधी म्हणून लिहिलंय."

"मंग थो कोनी मोठा मानूस असन. तुले कायले नागपूरवाले चोरतीन? त्यायच्यापाशी लिवनारे कमी हायेत काय?"

बाप चालता चालता थांबला आणि मान खाली घालून म्हणाला, "आपल्या घरानं दुसऱ्याच्या वावरातलं कनीस कधी तोडलं नाही, बापू. तू काहून तोडून राह्यला?"

त्या दिवसापासून त्यानं चावडीवर जाणं सोडलं. वाचता येत नसल्यामुळे दिवसभरात ऐकायला मिळायचं ते तेवढंच, आणि ते त्यानं माझ्यापायी टाकलं. गावानं मला चोर म्हटलं त्याचं मला फार नव्हतं, गावाला काहीतरी म्हणायला लागतंच. पण बापानं तसं मानलं, हे मला जेवणात खड्यासारखं रोज लागायचं.

मी नागपूरला पत्र लिहिलं. उत्तर आलं, आणि फार सभ्य आलं. आपली शैली चांगली आहे, परंतु बाहेरच्या लेखकांचा मजकूर छापण्याची आमच्याकडे पद्धत नाही, तरी क्षमस्व. मी ते पत्र बैलांना वाचून दाखवलं. त्यांनी रवंथ थांबवला नाही.

पुढं मंगरूळपीरच्या उरुसात एक मोठी जोड लागली. एका बाजूला वाशीमकडच्या एका देशमुखांनी दूध-बदामावर पोसलेला पहिलवान, दुसऱ्या बाजूला मंगरूळचाच एक तालीमबाज गडी. दिवस मावळेपर्यंत दोघं एकमेकांना हटेनात. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. मी मन लावून लिहिलं, आणि संपादकांनी ते पहिल्या पानावर घेतलं. पान भरलं तेव्हा मंगरूळच्या गड्यानं देशमुखांच्या पहिलवानाला नुकतं उचललं होतं. उरलेलं पान दोनवर गेलं. पहिलवान खाली उतरला तो, बरोबरी आणि माझं नाव, सगळं पान दोनवर.

कात्रीला पान उलटता येत नाही. तिनं पहिल्या पानावरचं तेवढं कापलं. देशमुखांचा पहिलवान हवेतच राहिला. त्याला तसा लटकत ठेवणं नागपूरला प्रशस्त वाटलं नसावं, म्हणून खास प्रतिनिधीनं उभ्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं एक वाक्य लिहिलं आणि त्याला चीतपट केलं. टाळ्यांच्या कडकडाटासह.

देशमुख खवळले. ज्याला बदाम त्यांनी चारले, त्याची पाठ नागपूरनं मातीला लावली होती. त्यांनी वकिलाकरवी नोटीस धाडली. मग दैनिकानं खुलासा छापला, चौकटीत.

तो वाचायच्या दिवशी मास्तरांनी माणूस पाठवून माझ्या बापाला चावडीवर बोलावून घेतलं. मीही मागोमाग गेलो. मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाचलं, की सदरहू मजकूर आमच्या प्रतिनिधीचा नसून, अमुक गावचे श्रीयुत अमुक तमुक यांनी अकोल्याच्या एका साप्ताहिकात लिहिलेल्या बेजबाबदार मजकुरावरून घेतला होता, आणि चुकीचा दोष सर्वस्वी त्यांचा आहे. गाव आमचं. नाव माझं, मग बापाचं, मग आडनाव. इतकी वर्षं न दिसलेलं नाव दोष द्यायच्या वेळी बरोबर दिसलं होतं. त्यासाठी पानही उलटलं होतं, फक्त नावाच्या वरची बरोबरीची ओळ काही नजरेला पडली नाही.

माझं डोकं फिरलं. मी उठून म्हणालो, "मास्तर, हे धादांत खोटं आहे. कुस्ती बरोबरीत सुटली."

"तू बस," बाप म्हणाला. "मास्तर, थे नावाचं पुन्हा वाचा."

मास्तरांनी पुन्हा वाचलं.

"म्हंजे नागपूरवाले याचंच घेत होते?"

"यातून तर तसंच निघतं, पाटील."

"अन् चपलेचं?"

"तेही यांचंच असणार."

बाप माझ्याकडे न बघता म्हणाला, "कनीस आपल्याच वावरातलं होतं तं." आणि त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. मी उत्तराचं कडक पत्र लिहायचं ठरवलं होतं, मजकूरही मनात तयार होता. तो मी कधीच कागदावर उतरवला नाही. ज्या चौकटीनं मला जगापुढं खोटारडा ठरवलं, तिच्याइतकं माझं भलं दुसऱ्या कोणत्याही छापील मजकुरानं केलेलं नाही.

दैनिकाला अर्थातच काही लाज वाटली नाही. पुढच्याच दंगलीची माझी बातमी शब्दन्‌शब्द आली. मास्तरांनी नेहमीच्या सुरात सुरुवात केली, "आमच्या खास प्रतिनिधीकडून..."

बाप चावडीच्या ओट्यावर पुढंच बसला होता. त्यानं हात वर करून मास्तरांना थांबवलं आणि मागं वळून सगळ्यांना सांगितलं, "थो आमचा पोरगा हाय. वाचा आता."