मागच्या बोटीत

मी घर सोडलं त्या रविवारी दुपारी आमच्या साताऱ्याच्या घरात टीव्हीवर जुना इंग्रजी सिनेमा चालू होता. फाटकाशी विमानतळावर जायची टॅक्सी उभी, माझ्या दोन बॅगा पायरीवर, आणि बाबा खुर्चीच्या कडेवर टेकून, टीव्हीकडे बघत आईला सांगतायत, "आता हा म्हणतोय, आधी चहा घ्या, मग बघू." ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा कुठे उठले. आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अगं, रडतेस काय? दोन वर्षांचं तर काँट्रॅक्ट आहे."

काँट्रॅक्ट कसलं डोंबलाचं! सिंगापूरच्या बँकेतली पक्की नोकरी होती, आणि परत यायचा विचार नाही हे मी बाबांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले होते, "तिला तू नको सांगूस. मी सांगतो, माझ्या पद्धतीने."

बाबांची पद्धत म्हणजे काय, ते सांगते. ते पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि बाबांना जुन्या ब्रिटिश सिनेमांचं वेड. तेव्हा दर रविवारी ते बघायचे आणि बघता बघता तिला मराठीत सांगायचे. तुम्ही पाहिले नसतील तर जरूर पाहा हे सिनेमे. आरडाओरडा नाही, गाणी नाहीत. माणसं हॅट घालून धुक्यात उभी राहतात, जिवावर बेतलं तरी आधी "सॉरी" म्हणतात, आणि मधेच एखादा भामटा म्हातारा पोट दुखेपर्यंत हसवतो. आईचा सगळ्यात लाडका सिनेमा एका बोटीच्या कप्तानाचा होता. तो युद्धावर जातो, बायको बंदरावर वाट बघते, शेवटी बोट परत येते आणि सगळे उतरतात, पण तो दिसत नाही. इथे बाबा सांगायचे, "तो मागच्या बोटीत आहे." मागची बोट कुठाय, असं आईने विचारलं की म्हणायचे, "इंग्रज सगळं दाखवत नाही गं. समजून घ्यायचं असतं."

दोन वर्षांची चार झाली, दहा झाली. नोकरीपुरता एम्प्लॉयमेंट पास जाऊन कायम राहायचा पीआर आला, मग सिंगापूरचा लाल पासपोर्ट. लग्न, तिथेच बिशानला फ्लॅट, इराचा जन्म. तिकडे बाबा दर दिवाळीला माझी जुनी स्कूटी सर्व्हिसिंग करून आणायचे. "विकून टाका ना बाबा," मी फोनवर वैतागायचे. "आलीस की लागेल," हे ठरलेलं उत्तर. मला हसू यायचं.

बाबा गेल्यावर आईला मी तीन महिने बिशानला आणलं. एका शनिवारी टीव्हीवर तोच कप्तानाचा सिनेमा लागला. आई हरखली. शाल पांघरून सोफ्यावर बसली आणि स्वतःच इराला गोष्ट सांगायला लागली, बाबांच्याच शब्दांत, बाबांसारखीच थांबत थांबत. शेवट आला तशी म्हणाली, "आता तो मागच्या बोटीतून येणार."

"नो ला आजी," इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "ही डाइड ऑलरेडी."

आईने माझ्याकडे बघितलं. इथे मी गप्प बसायचं होतं. पण माझा स्वभाव असा मेला, चूक दिसली की तोंड बंद राहत नाही. बँकेत त्याचाच पगार मिळतो मला. मी रिमोट घेतला, सिनेमा मागे नेला, आणि बंदरावरचा अधिकारी कप्तानाच्या बायकोला काय सांगतो ते शब्दन् शब्द मराठीत करून दिलं. कप्तानाची बोट बुडाली तेव्हा तो आतच होता, परत आली ती वाचलेल्यांना आणणारी बोट. तिच्यामागे आणखी बोट नव्हतीच. वर म्हणाले, "बाबांना ते उच्चार कळले नसतील गं."

"त्यांना सगळं कळायचं," आई म्हणाली. तिने माझ्या हातून रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "मिने, ते तुझं दोन वर्षांचं काँट्रॅक्टही ह्यांचंच का?"

तेव्हा तरी खोटं बोलायचं! मी म्हटलं, "हो. मी त्यांना आधीच खरं सांगितलं होतं."

"बरं," आई म्हणाली आणि शालीची घडी घालायला लागली. उरलेले दिवस ती सेरंगूनच्या भारतीय बाजारातून आणलेली मेथी निवडत स्वयंपाकघरातच बसायची. टीव्ही लावला तरी बाहेर यायची नाही. जाताना चांगी विमानतळावर तिने इराला जवळ घेतलं, मलाही घेतलं, पण "कधी येशील?" हे बावीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं नाही.

मागच्या रविवारी मी तोच सिनेमा लावला आणि तिला फोन केला. म्हटलं, "आई, बस, मी सांगते." पहिल्यापासून सांगितलं, धुक्यासकट, चहासकट. शेवटी बोट आली, माणसं उतरली. मी घसा खाकरला आणि म्हणाले, "तो मागच्या बोटीत आहे."

आई हसली. "राहू दे गं. तुला नाही जमत. तुझे बाबा सांगायचे ना, तेव्हा त्यांना ते पटलेलं असायचं."

मला रडू फुटलं. म्हणजे स्कूटीही आईला दाखवायला नव्हती. माझ्या तोंडून 'नाही' ऐकूनही तो माणूस दर दिवाळीला माझी वाट बघत होता. घर, घर म्हणून मी इथे ज्याच्यासाठी झुरत होते, ते बहुधा एवढंच होतं. तिकडे कोणीतरी माझं येणं गृहीत धरून बसलं होतं, आणि उरलेल्या एका माणसाला मी पुराव्यानिशी पटवून दिलं की बसू नकोस.

"अगं हो, सांगायचं राहिलं," आई म्हणाली. "ती स्कूटी शेजारच्या सुनेला देऊन टाकली. उगाच जागा अडवून होती."

"बरं केलंस," मी म्हटलं. विका, विका म्हणून मीच तर मागे लागले होते.