मधली तीन वर्षं

दगा कल्हईवाल्याविषयी हिलालला फार थोडं ठाऊक होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याचं मूळ गाव कोणतं, पोळ्यानंतर आठ दिवस दुकान बंद ठेवून तो कुठे जायचा, यातलं हिलालने कधी काही विचारलं नाही. तसं विचारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. हिलाल शिवनाथ बँडात ताशा वाजवायचा आणि दगा त्या बँडाची वाद्यं दुरुस्त करायचा. बारा-तेरा वर्षांची ओळख म्हणायची ती एवढीच. पण दगा एका गोष्टीवर अडून बसला होता, आणि ती हिलालने जवळून पाहिली होती.

रनाळ्याचा शिवनाथ बँड त्या वेळी नंदुरबारपासून सोनगडपर्यंत नावाजलेला. मोतीलाल मास्तरांनी तो एकावन्न साली उभा केला. पहिली पाच वर्षं नुसती कवायतीची वाजवणी. सलामी, कूच, पुन्हा सलामी. नवरदेव घोड्यावर ताठ बसायचा, जणू लढाईलाच निघालाय. छप्पन साली डोंगरसिंग नावाचा एक पावरा आदिवासी सातपुड्यातल्या अक्राणीकडून आला आणि कॉर्नेट वाजवू लागला. त्याने बायकांची हळदीची गाणी, डोंगरातल्या होळीच्या चाली, सगळं त्या पितळी वाद्यावर चढवलं. असं तीन वर्षं चाललं. मग लोक सिनेमाची गाणी मागू लागले, मास्तरांनी ती बसवली, आणि डोंगरसिंग एका सकाळी कॉर्नेट खुंटीला टांगून निघून गेला. त्याच्या जागी, त्याच कॉर्नेटवर, नवा माणूस आला. बँडाचं खरं नाव झालं ते त्यानंतर.

यातला कोणता काळ चांगला, यावर दगाच्या भट्टीसमोर रोज वाद पेटायचा. बँडाचे लाल कोट शिवणारा धुडकू शिंपी कवायतीच्या बाजूचा. मास्तर स्वतः सिनेमाच्या बाजूचे. येणारे-जाणारेही या नाही तर त्या बाजूला बसत. मधल्या तीन वर्षांच्या बाजूला दगा एकटा.

"त्या तीन वरीसमा बँड बँड नव्हताच," धुडकू म्हणायचा. "लगीनमा होळी वाजाडेत. नवरदेवले समजेच ना, का आपलं लगीन शे का शिमगा शे!"

लोक हसत. दगा भाता ओढत म्हणायचा, "हस. तुन्हा कोटनी बाही बी एक लांबी शे, एक आखूड. ती माले दिसस, तुले नही दिसस."

हिलाल ताशाच्या दोऱ्या ताणत खाली मान घालून बसायचा. त्यालाही ती तीन वर्षंच खरी वाटत. डोंगरसिंगच्या चालीत ताशाला थांबावं लागायचं, ऐकावं लागायचं, मग हळूच आत शिरावं लागायचं. पुढे सिनेमाच्या गाण्यात नुसतं बडवणं उरलं. पण हे ओठांवर आणायची त्याची छाती नव्हती. मास्तरांसमोर तर नाहीच.

एकदा मास्तर चिडून म्हणाले, "दगा, कशावरून म्हणतोस रे तू? सारेगम येतं का तुला?"

दगा उठला. फळीवरून तंबाखूचे तीन डबे काढून त्याने पोत्यावर उपडे केले. आतून बारीक, गंजलेल्या स्प्रिंगा निघाल्या. कॉर्नेटला तीन बटणं असतात आणि प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग. दर मोसमानंतर दगा थकलेल्या स्प्रिंगा बदलायचा आणि जुन्या साल घातलेल्या कागदात गुंडाळून ठेवायचा.

"हाई कवायतना टाईमन्या," तो म्हणाला. "पहिली, दुसरी दबेल. तिसरीले हात बी नही लागेल. ह्या तुम्हना शिनेमान्या. एकच दबेल, बाकीन्या नव्या नवरीसारख्या. आते ह्या देखा. छप्पन, सत्तावन्न, अठ्ठावन्न. तिन्ही सारख्या थकेल शेतस. वाद्य पुरं वाजनं, तं फक्त ह्या तीन वरीसमा."

"गाणं कानांनी ऐकतात, डब्यातून नाही," मास्तर म्हणाले. लोक पुन्हा हसले. हिलाल मात्र त्या तीन सारख्या स्प्रिंगांकडे बराच वेळ पाहत राहिला.

चौसष्टच्या लग्नसराईत मुंबईहून नवं कॉर्नेट यायचं ठरलं. जुनं पितळ मोडीत द्यायचं होतं. मास्तरांनी डोंगरसिंगचं कॉर्नेट दगाच्या पोत्यावर ठेवलं. "हे कापून चपटं कर. व्यापारी वजनावर घेणार आहे."

"हाई कापणार नही."

"वाद्य माझं आहे."

"तुम्हनंच शे. पण हात मन्हा शेतस."

बाजाराचा दिवस होता, माणसं जमली. मास्तरांना माघार घेता येईना. ते म्हणाले, "बरं. परवा धानोऱ्याला लग्न आहे. त्या काळातली एक चाल तू स्वतः वाजव. दुरुस्ती झाली की फुंकून पाहतोस ना? मग चारचौघांत फुंक. लोक नाचले तर वाद्य राहिलं. नाही नाचले तर तुझ्याच हातांनी कापायचं."

"ती चाल नाचानी नहीच," दगा म्हणाला. "ती उभं ऱ्हाईसन आयकानी शे. कोणी उभं ऱ्हायनं तं मी जितना."

मास्तर हसले. त्यांना ते हो म्हणण्यासारखंच वाटलं.

धानोऱ्याला दुपारी नवरदेव मारुतीला निघाला. लाल कोटांच्या रांगेत दगा आपल्या काजळलेल्या सदऱ्यात उभा राहिला. चार गाणी वाजली, पोरं घामाघूम होऊन नाचली. मग मास्तरांनी हात वर करून बँड थांबवला आणि हिलालच्या कानाशी म्हणाले, "तू वाजवू नको. एकट्याला करू दे."

दगाने कॉर्नेट ओठांना लावलं. पहिला सूर फुटला, दुसरा घसरला. कुणीतरी शिटी मारली. "ए कल्हईवाला, भाता फुंकी ऱ्हायना का?" दगाचे गाल लाल झाले, पण त्याने वाद्य खाली घेतलं नाही. हळदीच्या गाण्याची ती चाल होती, डोंगरसिंगने बसवलेली. जिथे ताशाने आत यायचं तिथे दगा थांबला. जागा रिकामी गेली. त्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं. हिलालकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हिलालने कदाचित मान खाली घातली असती. पण तो न मागता त्या जागेपाशी पुन्हा थांबला, आणि हिलालने काड्या उचलल्या.

मास्तरांनी वळून पाहिलं. हिलालचे हात बरोबर पडत होते.

कुणी नाचलं नाही. नवरदेवाचा मामा ओरडला, "मास्तर, मयत शे का आठे?" वऱ्हाडी पारावर जाऊन बसले. पण रस्त्याच्या कडेला खडी फोडायला आलेली सातपुड्यातली दहा-बारा माणसं होती. त्यांनी हातोडे खाली ठेवले. त्यांतली एक बाई डोक्यावर पाटी तशीच धरून चाल संपेपर्यंत उभी राहिली.

"ह्या ऱ्हायनात उभ्या," दगा धापा टाकत म्हणाला.

"ती वऱ्हाडी नव्हेत."

"त्यासले कान नहीत का?"

"दगा, हरलास तू. उद्या कापायचं."

"हारनू व्हसू तुम्हना हिशोबमा. खोटा नही पडनू."

दुसऱ्या दिवशी मास्तर तराजूवाल्या व्यापाऱ्याला घेऊनच आले. बँडाची बाकी सगळी वाद्यं दगाने घासूनपुसून ओळीने मांडली होती. कॉर्नेट त्याच्या मांडीवर होतं. कुणी काही बोलायच्या आत त्याची बायको रुक्मिणीबाई आतून पितळी हंडा घेऊन आली. पाणी तिने दारातच ओतून दिलं होतं. हंडा तिने तराजूत ठेवला.

"पितळले पितळ," ती म्हणाली. "मोजा. पाणी माठमा बी ऱ्हास."

दगानेही तिच्याकडे पाहिलं. त्याला हे ठाऊक नव्हतं, असं हिलालला तेव्हा वाटलं. हंडा कॉर्नेटपेक्षा कितीतरी जड भरला. मास्तरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "घे ते डबडं. पण यापुढे बँडाचं एकही काम या भट्टीवर येणार नाही."

"नका आणा," दगा म्हणाला. "पण कोणी विचारं तं मी हाईच सांगसू. मधला तीन वरीस."

काम खरोखर आलं नाही. पावसाळ्यानंतर दगाने खापर गावच्या बाजारात बसायचं ठरवलं. तिथे डोंगरातली माणसं भांडी घेऊन उतरतात. एसटीच्या टपावर भाता चढवायला हिलाल मदतीला गेला. रुक्मिणीबाई आधीच खिडकीशी बसली होती, मांडीवर फडक्यात बांधलेलं कॉर्नेट. ती तीन वर्षंच खरी होती, हे एवढं एक वाक्य बोलायचं ठरवून हिलाल घरून निघाला होता. तोंडापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली.

"हिलाल," दगा पायरीवरून म्हणाला, "ताशानं चामडं उनमा ठेऊ नको. तडकी जाई."

"नही ठेवत, दगाभाऊ. तू भाता देखजो, दोरी ढिली शे."

"देखस."