खंडेनवमीचे प्लग

आमची जुनी विलायती मोटार नेमकी दसऱ्याच्या तोंडावर खोकायला लागली. अकोल्याच्या मेकॅनिकांना सणाच्या गर्दीत मरायला फुरसत नव्हती. म्हणून नवे प्लग मीच आणले. जुने काढायचे, नवे बसवायचे, त्यात काय एवढं. पण पान्यांची पेटी शोधली तर ती देवघरात. खंडेनवमी होती. आईनं पाने, पक्कड, हातोडी सगळं पाटावर मांडून झेंडू वाहिला होता. "आज हत्याराले हात लावू नको," ती म्हणाली. मी पुष्कळ हुज्जत घातली. ती ढिम्म.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, परतवाड्याला सासरी माझ्या मुलीचं बारसं होतं. नाव आत्यानं ठेवायचं, म्हणून थोरल्या बहिणीला घेऊन मला दुपारच्या आत पोचायचंच होतं. आमची धाकटी बहीण लहानपणी तापानं गेली. तिचंच नाव बाळाला ठेवायचं असं आईचं आणि आम्हा दोघा भावंडांचं ठरलेलं. गेलेल्या पोरीचं नाव कशाला, असं सासूबाई तोंडावर म्हणाल्या होत्या. पण आत्यानं एकदा कानात कुर्र केलं की कोणी काही बोलणार नव्हतं. आईला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नव्हता, नाहीतर तीच आधी गाडीत बसली असती.

सकाळी पाने मिळाले. जुने प्लग असे घट्ट बसलेले की एकेकाशी कुस्ती खेळावी लागली. बोटं सोलली, एका प्लगची चिनीमाती फुटली. नवे बसवून हॅन्डल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. खांदा निखळायची वेळ आली तरी इंजिन हूं की चूं करेना. वायरी तपासल्या, पेट्रोल तपासलं, मोटारीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सकाळची एसटीही निघून गेली. शेवटी चिडून नवे प्लग बाहेर काढले, तर ठिणगी पडायच्या टोकाच्या फटीत लाल चिखल. आईनं त्यांनाही पंचामृतानं न्हाऊ घालून कुंकू लावलं होतं आणि वरवर पुसून खोक्यात परत ठेवलं होतं.

मी तणतणत घरात निघालो. बहिणीनं दंड धरला. "तिले सांगू नको. पोरीच्या भल्यासाठीच केलं तिनं."

प्लग पेट्रोलनं धुऊन, फुंकून, वाळवून गाडी सुरू होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. परतवाड्याला पोचलो तेव्हा पंगत उठत होती. मुहूर्त टळतो म्हणून बाळाच्या मावशीनं नाव ठेवून टाकलं होतं, सासूबाईंनी निवडलेलं. बहीण पाळण्याशी बसली. जेवण तिला गेलं नाही.

घरी परतलो तर आई दारातच उभी. "ठेवलं ना माह्या पोरीचं नाव?"

दिवसभर गिळलेला संताप माझ्या जिभेवर आला. बहीण माझ्याकडे बघत होती.

"निघालोच उशिरा," मी म्हणालो, "त्यात रस्त्यात टायर फुटलं. मावशीनं दुसरंच ठेवलं."

आई उंबऱ्यावर बसली.

"टायरले कुंकू लावाचं राह्यलंच माह्याकून," ती म्हणाली.